आधुनिक अरब नागरी संहितांमागील सामाजिक उद्दिष्टे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरब देशांच्या कायद्याविषयी बोलणे निघाले की चर्चा बहुधा एकाच वळणावर जाते: हा कायदा शरियतचा की फ्रेंचांचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु त्याच्या आड दुसरा एक प्रश्न झाकला जातो आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. या संहिता कोणाच्या बाजूने उभ्या राहण्यासाठी लिहिल्या गेल्या? पुढील उत्तरांचा भर त्यावर आहे. इजिप्तची 1948 ची नागरी संहिता ही बहुतेक अरब संहितांची जननी असल्यामुळे विवेचनाचा मोठा भाग तिच्याभोवतीच फिरतो.

'आधुनिक अरब नागरी संहिता' म्हणजे नेमके कोणते कायदे?

करार, कर्ज, खरेदी-विक्री, भाडेपट्टा, नुकसानभरपाई, मालकी आणि गहाण या विषयांचे नियम एकाच सलग कायद्यात मांडणे म्हणजे नागरी संहिता. इजिप्तची संहिता 1948 च्या कायदा क्रमांक 131 ने मंजूर झाली आणि 15 ऑक्टोबर 1949 रोजी अमलात आली. तिच्यात 1149 कलमे आहेत. सीरियाने 1949 मध्ये ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. लिबियाने 1953 मध्ये तिचाच आधार घेतला. इराकची 1951 ची संहिता 1953 मध्ये लागू झाली. तिच्यात इजिप्तचा साचा आणि उस्मानी काळातील 'मजल्ला' (इस्लामी दिवाणी कायद्याचे संकलन) यांची सांगड आहे. पुढे अल्जीरिया (1975), जॉर्डन (1976), कुवेत (1980), संयुक्त अरब अमिराती (1985) आणि कतार (2004) येथेही कमीअधिक फरकाने याच परंपरेतील कायदे झाले. ट्युनिशियाची 1906 ची, मोरोक्कोची 1913 ची आणि लेबनॉनची 1932 ची संहिता ही वेगळ्या वाटेने आलेली कुटुंबे आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

1949 पूर्वी इजिप्तमध्ये कोणता कायदा होता आणि तो बदलावा असे का वाटले?

त्यापूर्वी इजिप्तमध्ये एक कायदा नव्हता, दोन होते. परकीय नागरिक आणि इजिप्शियन यांच्यातील वादांसाठी 1875 ची मिश्र संहिता होती आणि ती परकीय न्यायाधीशांचे बहुमत असलेल्या मिश्र न्यायालयांत चालत असे. इजिप्शियनांच्या आपापसांतील वादांसाठी 1883 ची राष्ट्रीय संहिता होती. दोन्हींचा पाया फ्रेंच होता आणि दोन्ही घाईने तयार झाल्या होत्या. विवाह, वारसा आणि वक्फ यांचे निवाडे याशिवाय धार्मिक न्यायालयांत होत.

या व्यवस्थेमागचा आर्थिक इतिहास महाराष्ट्रातील वाचकाला परका वाटणार नाही. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव भडकले. त्याचा लाभ नाईलच्या खोऱ्याला झाला आणि पश्चिम भारतालाही झाला. पुढे भाव कोसळले, कर्जे मात्र उरली. दख्खनमध्ये त्यातून 1875 साली सुप्यापासून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले. त्याच सुमारास इजिप्तमध्ये जी नवी न्यायालये आली, त्यांनी परकीय धनकोच्या हाती गहाण जमीन जप्त करून विकण्याची सुलभ सोय दिली. फ्रेंच साच्यातील त्या संहितांच्या दृष्टीने करार करणारे दोघेही समान आणि स्वतंत्र होते. एका बाजूला अलेक्झांड्रियातील बँक किंवा व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला अक्षरओळख नसलेला शेतकरी असला, तरी सही किंवा शिक्का उमटला की विषय संपला, अशी ती भूमिका होती. या परिणामांची दखल ब्रिटिश प्रशासनालाही घ्यावी लागली. इजिप्तमधील ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड किचनर यांच्या काळात, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, पाच फेद्दानांपर्यंतची (एक फेद्दान म्हणजे साधारण एक एकर) छोटी शेती जप्तीपासून वाचवणारा कायदा करण्यात आला.

1937 च्या माँत्रू येथील परिषदेत मिश्र न्यायालये बारा वर्षांत गुंडाळण्याचे ठरले. ती मुदत 14 ऑक्टोबर 1949 रोजी संपली आणि दुसऱ्याच दिवशी नवी संहिता लागू झाली. त्यामुळे या संहितेकडे सार्वभौमत्वाची खूण म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र परकीयांची न्यायालये जाऊन आपली न्यायालये आली एवढाच तिचा हेतू असता, तर 1883 च्या कायद्याची थोडी डागडुजी करूनही काम भागले असते.

अब्द अल-रझ्झाक अल-सन्हूरी कोण होते?

संहितेचे प्रमुख शिल्पकार. त्यांचा जन्म 1895 मध्ये अलेक्झांड्रियात झाला आणि मृत्यू 1971 मध्ये. फ्रान्समधील लियों येथे तुलनात्मक कायद्याचे अभ्यासक एदुआर लांबेर यांच्याकडे त्यांनी डॉक्टरेट केली. त्यांनी दोन प्रबंध लिहिले आणि त्यांचे विषय त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दाखवतात. पहिला इंग्लंडच्या न्यायालयीन निकालांत कामगाराच्या स्वातंत्र्यावर करारातून येणाऱ्या बंधनांविषयी होता आणि दुसरा खिलाफतीविषयी. सामाजिक न्याय आणि इस्लामी परंपरा हे दोन धागे त्यांनी विद्यार्थिदशेतच हाती धरले होते.

ते कैरोत कायदा विद्याशाखेचे प्रमुख झाले, बगदादच्या कायदा महाविद्यालयाचे प्रमुख होते, इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले आणि 1949 ते 1954 या काळात राज्य परिषदेचे, म्हणजे देशातील सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेचे अध्यक्ष होते. 29 मार्च 1954 रोजी जमावाने परिषदेच्या इमारतीत घुसून त्यांना मारहाण केली आणि त्यानंतर त्यांचे सार्वजनिक जीवन संपले. उरलेली वर्षे त्यांनी लेखनात घालवली. आपल्या संहितेवर त्यांनी लिहिलेले बहुखंडी भाष्य आजही अरब न्यायालयांत आधार म्हणून उद्धृत केले जाते.

संहितेमागे सामाजिक उद्दिष्ट होते हे कशावरून म्हणायचे? कायद्याच्या भाषेत तसे कोठे लिहिले आहे का?

उद्देशिकेसारखे घोषवाक्य संहितेत नाही. उद्दिष्ट कलमांच्या रचनेत शोधावे लागते, आणि त्यासाठी अंतिम मजकुराइतकाच आधीचा मसुदाही वाचावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये लेओं द्युगी, लुई जोसरां यांच्यासारखे विचारवंत सांगत होते की हक्क ही व्यक्तीला समाजात राहण्यासाठी मिळालेली गोष्ट आहे आणि म्हणून तिच्या वापराला समाजहिताची मर्यादा असलीच पाहिजे. सन्हूरींनी हा विचार आत्मसात केला होता. मालकीची व्याख्या करताना प्राथमिक मसुद्यात असे होते की मालकाने आपल्या हक्काचा वापर मालकीच्या सामाजिक कार्याशी सुसंगत राहील अशा रीतीने करावा. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या समितीने हे शब्द काढून टाकले. कारण असे दिले की संहितेतील प्रत्यक्ष नियमांतून ते तत्त्व दिसतेच, वेगळे सांगण्याची गरज नाही. हे कारण पूर्णपणे खोटे नव्हते. कलम 806 मालकाला सार्वजनिक आणि खासगी हिताचे कायदे पाळायला लावते. कलम 807 शेजाऱ्याला त्रास होईल इतक्या टोकाला जाऊन हक्क बजावण्यास मनाई करते. तरीही तत्त्व शब्दांत लिहिलेले असणे आणि ते अनुमानाने काढावे लागणे यात न्यायालयाच्या दृष्टीने अंतर आहे. मालकीचे सामाजिक कार्य हे शब्द पुढे 1956 च्या राज्यघटनेत आले, पण तेव्हा राजवट बदललेली होती.

सर्वांत स्पष्ट खूण आहे ती प्रास्ताविक भागातील कलम 5. केवळ दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूने हक्क वापरला, मिळणारा लाभ दुसऱ्याच्या हानीच्या मानाने क्षुल्लक असला, किंवा साधायचे हितच बेकायदा असले, तर हक्काचा तो वापर गैर ठरतो. मूळ कल्पना नुकसानभरपाईच्या प्रकरणात बसली असती. ती संहितेच्या दारातच ठेवल्यामुळे करार, मालकी, कुटुंब असा कोणताही हक्क तिच्या कक्षेतून सुटत नाही. अनेक इस्लामी न्यायशास्त्रज्ञांनाही हा नियम आपला वाटला, कारण दुसऱ्याला अपाय होऊ नये हे सूत्र त्यांच्या परंपरेत शतकानुशतके होते.

झालेल्या करारात न्यायाधीशाने बदल करावा, हे कसे मान्य झाले?

संहितेतील सर्वांत धाडसी तरतूद हीच आहे, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

कलम 147 च्या पहिल्या परिच्छेदात नेहमीचा नियम आहे: करार हा पक्षकारांसाठी कायदाच आहे. दुसऱ्या परिच्छेदात अपवाद येतो. सर्वसाधारण स्वरूपाच्या, असामान्य आणि आधी न कळण्यासारख्या घटनांमुळे कराराची पूर्तता अशक्य झाली नाही, पण ऋणकोला प्रचंड तोट्याच्या खाईत लोटण्याइतकी जड झाली, तर न्यायाधीश परिस्थिती आणि दोन्ही पक्षांचे हित तोलून ते बंधन वाजवी मर्यादेपर्यंत खाली आणू शकतो. त्यापुढचे वाक्य तितकेच महत्त्वाचे आहे: याच्या विरुद्ध केलेला कोणताही करार रद्दबातल समजावा. म्हणजेच सबळ पक्षाला छापील कागदावर एक ओळ टाकून या संरक्षणातून निसटता येत नाही.

फ्रान्समध्ये दिवाणी न्यायालयांनी 1876 पासून ही कल्पना नाकारली होती. 1916 मध्ये बोर्दो शहराच्या गॅस पुरवठ्याच्या खटल्यात तेथील प्रशासकीय न्यायसंस्थेने ती स्वीकारली, पण केवळ सरकारी कंत्राटांसाठी. पोलंडच्या 1933 च्या कायद्यात मात्र ती दिवाणी करारांसाठी आली होती आणि इजिप्तच्या मसुदाकारांनी तो नमुना पाहिला होता. त्याचबरोबर इस्लामी न्यायशास्त्रात पिकावर आलेल्या आपत्तीमुळे खरेदीदाराला किमतीत सूट देण्याचा विचार आणि भाडेपट्ट्यातील अडचणीमुळे तो मोडण्याची मुभा आधीपासून होती. फ्रान्सने आपल्या नागरी संहितेत असा नियम 2016 मध्ये घातला. ज्यांना शिष्य मानले जाते त्यांनी गुरूच्या सदुसष्ट वर्षे आधी हा नियम लागू केला होता, ही गोष्ट तुलनात्मक कायद्याच्या चर्चेत अधिक वेळा सांगितली गेली पाहिजे.

याचा मोठा उपयोग 1952 नंतर दिसला. त्या वर्षीच्या जमीन सुधारणा कायद्याने कमाल धारणा दोनशे फेद्दानांवर आणली. त्याआधी हप्त्यांवर जमीन घेतलेल्या खरेदीदारांपुढे प्रश्न उभा राहिला: जमिनीची किंमत घसरली, पण हप्ते जुन्याच भावाने द्यायचे. इजिप्तच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हा कायदा म्हणजे कलम 147 च्या अर्थाने असामान्य घटना ठरू शकते असे मानले. एका सामाजिक सुधारणेने करारांवर पडलेला ताण दुसऱ्या सामाजिक तरतुदीने सैल केला.

गरजवंताची पिळवणूक करून केलेल्या कराराचे काय?

येथे संहितेची मर्यादा दिसते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कलम 129 नुसार दोन्ही बाजूंच्या देण्याघेण्यात ढळढळीत विषमता असेल आणि एका पक्षाने दुसऱ्याच्या उघड उथळपणाचा किंवा अनावर आसक्तीचा गैरफायदा घेतला असेल, तर न्यायाधीश करार रद्द करू शकतो किंवा बाधित पक्षाचे देणे कमी करू शकतो. दावा मात्र करारापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो.

प्राथमिक मसुदा याहून विस्तृत होता. त्यात पिळवणुकीची कारणे म्हणून गरज, अनुभवाचा अभाव आणि आकलनाचा दुबळेपणाही होता. संसदीय टप्प्यावर ही कारणे गळली. उरले काय, तर उधळ्या तरुणाला किंवा म्हातारपणी कोणाच्या मोहात पडलेल्या श्रीमंताला वाचवणारा नियम. उपासमारीमुळे पडेल भावात शेत विकणारा शेतकरी त्यात बसत नाही. संपूर्ण संहितेच्या सामाजिक आशयाला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का होता असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गरिबीचे कायद्यातले खरे नाव 'गरज' हेच असते.

इराकने ही चूक केली नाही. तेथील कलम 125 मध्ये गरज, उथळपणा, आसक्ती, अनुभवाचा अभाव आणि आकलनाचा दुबळेपणा ही सर्व कारणे नोंदलेली आहेत. सन्हूरींना कैरोत जे मिळवता आले नाही, ते बगदादमध्ये मिळाले.

छापील अटींचे करार आणि विमा यांविषयी काय तरतूद आहे?

वीजपुरवठा, रेल्वे, विमा यांसारख्या करारांत ग्राहकाला एकही शब्द बदलता येत नाही. घ्या नाहीतर सोडा, एवढीच निवड असते. कलम 149 नुसार अशा करारातील जाचक अटी न्यायाधीश बदलू शकतो किंवा ग्राहकाला त्यांतून मोकळे करू शकतो, आणि याविरुद्धची अट येथेही रद्दबातल आहे. कलम 151 सांगते की संदिग्ध शब्दांचा अर्थ ऋणकोच्या बाजूने लावावा, पण छापील करारात तो ग्राहकाला, मग तो ऋणको असो वा धनको, हानिकारक ठरेल असा लावू नये. विम्याच्या प्रकरणात कलम 750 आणखी पुढे जाते: विमेदाराचा हक्क बुडवणारी अट ठळकपणे छापलेली नसेल तर ती अवैध ठरते.

व्याजाला परवानगी कशी दिली गेली? इस्लाममध्ये ते निषिद्ध नाही का?

निषिद्ध मानले जाते, आणि संहितेवरील सर्वांत तीव्र टीका याच मुद्द्यावर झाली. संहितेने व्याज पूर्ण बंद केले नाही, ते आवळले. करारात दर ठरला नसेल तर थकीत रकमेवर दिवाणी व्यवहारात 4 टक्के आणि व्यापारी व्यवहारात 5 टक्के व्याज मिळते. पक्षकारांनी आपसात ठरवलेला दर 7 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. घेतलेले जास्तीचे व्याज परत करावे लागते. कलम 232 ने व्याजावर व्याज लावण्यास मनाई केली आणि धनकोला मिळणारे एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असेही ठरवले. व्यापारी प्रथा मात्र वगळल्या.

ही शेवटची तरतूद वाचताना मराठी वाचकाला दामदुप्पट आठवेल. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा हिंदू विधीतील नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोंच्या बाबतीत लागू करीत. एकाने दुसऱ्याकडून तो घेतला असे म्हणायला आधार नाही, परंतु कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दोन समाजांनी एकाच ठिकाणी रेघ ओढावी हे लक्षणीय आहे.

सन्हूरींची भूमिका अशी होती की भांडवलाशिवाय चालू शकत नाही अशा अर्थव्यवस्थेत व्याज ही एक गरज आहे, आणि गरजेपुरतीच तिला जागा द्यावी. ही तडजोड सर्वांना पटली नाही. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाला थकबाकीवर कलम 226 प्रमाणे व्याज द्यावे लागेल असा प्रसंग आला तेव्हा विद्यापीठाच्या प्रमुखांनी ते कलम घटनाबाह्य असल्याचा वाद उपस्थित केला, कारण 1980 मध्ये घटनेत शरियतची तत्त्वे हा कायद्याचा प्रमुख स्रोत असल्याचे लिहिले गेले होते. 4 मे 1985 रोजी सर्वोच्च घटना न्यायालयाने निकाल दिला की हे बंधन 1980 नंतर होणाऱ्या कायद्यांसाठी आहे, आधीच्या कायद्यांना ते लागू होत नाही. कलम 226 टिकले.

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले. लिबियाने 1972 मध्ये व्यक्तींमधील व्याज रद्द केले. अल्जीरियाच्या संहितेनुसार व्यक्तींमधील कर्ज नेहमी बिनव्याजीच असते, वित्तसंस्थांसाठी मात्र सवलत आहे. कुवेतने नागरी संहितेत व्याज बंद ठेवले आणि व्यापारी कायद्यात चालू ठेवले. म्हणजे धार्मिक आग्रह आणि बाजाराची गरज यांना वेगवेगळ्या कायद्यांत बसवले गेले.

शेतकरी आणि कुळांना संहितेने काय दिले?

काही दिले, पुरेसे नाही. कलम 615 आणि 616 नुसार अनावर आपत्तीमुळे पेरणीच होऊ शकली नाही किंवा कापणीपूर्वी उभे पीक गेले, तर कूळ खंडातून पूर्ण किंवा अंशतः सुटका मागू शकतो. दंडाची रक्कम अवाजवी असेल तर न्यायाधीश ती कमी करू शकतो. अडचणीत सापडलेल्या ऋणकोला, धनकोचे मोठे नुकसान होत नसेल तर, फेडीसाठी वाजवी मुदत देता येते.

परंतु जमिनीच्या वाटपाला संहितेने हात लावला नाही. हजारो फेद्दानांची मालकी 1949 मध्ये तिच्या दृष्टीने तितकीच निर्वेध होती जितकी एका फेद्दानाची. संहिता व्यवहारातील अन्याय दूर करायला निघाली होती. व्यवहारापूर्वीचा अन्याय, म्हणजे एकाकडे सर्व आणि दुसऱ्याकडे काहीच नाही ही स्थिती, तिने गृहीत धरली. ते काम 1952 च्या जमीन सुधारणेसाठी शिल्लक राहिले. याचे मूळ मसुदाकारांच्या हेतूत जितके आहे तितकेच संसदेच्या रचनेतही आहे, कारण त्या सभागृहांत मोठे जमीनदार बसलेले होते.

दुसरी अडचण अशी की संहितेतील जवळजवळ प्रत्येक संरक्षण न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवले आहे. न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा खर्च, वकील आणि वेळ ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ते संरक्षण कागदावरच राहते. दख्खनमध्ये 1879 च्या शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला, तेव्हाही प्रश्न हाच होता: अधिकार आहे, पण कुणबी तालुक्याच्या न्यायालयात टिकणार कसा?

कामगार, भाडेकरू आणि अपघातग्रस्त यांच्यासाठी काय आहे?

1883 च्या संहितेत माणसाच्या श्रमाचा विचार भाडेपट्ट्याच्या प्रकरणात होई. नव्या संहितेने नोकरीच्या कराराला कलम 674 ते 698 असे स्वतंत्र स्थान दिले आणि मनमानी बडतर्फीबद्दल भरपाईची तरतूद केली. कामगार चळवळीच्या रेट्याने 1942 आणि 1944 मध्ये विशेष कायदे झालेच होते. पुढे कामगार कायद्याचा खरा विस्तार संहितेबाहेरच झाला. कलम 178 ने यंत्रांमुळे झालेल्या इजेबद्दल ती यंत्रे ताब्यात असणाऱ्याला जबाबदार धरले, त्यामुळे गिरणीत जायबंदी झालेल्याला मालकाची चूक सिद्ध करत बसावे लागत नाही. आणि एक लहानशी तरतूद मला विशेष आवडते: कलम 609 नुसार नोकरीमुळे गाव बदलावे लागलेल्या कर्मचाऱ्याला मुदतीच्या आधी घरभाड्याचा करार संपवता येतो, आणि घरमालकाला हा हक्क करारातून काढून घेता येत नाही. बदलीची नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गाचा संसार कायद्याने इतक्या जवळून पाहिल्याची उदाहरणे फार नाहीत.

कुटुंबाचा कायदा संहितेत का घेतला नाही?

राजकीय धोका टाळण्यासाठी. विवाह, घटस्फोट आणि पोटगी हे विषय 1920 आणि 1929 च्या वेगळ्या कायद्यांत राहिले, वारसा 1943 च्या कायद्यात आणि मृत्युपत्र 1946 च्या. धार्मिक न्यायालये 1956 च्या आरंभी बंद झाली, पण कायदा वेगळाच राहिला. गोव्यातील वाचकाला हा फरक लगेच जाणवेल: 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता मालमत्तेबरोबर विवाह आणि वारसा यांनाही एकाच छताखाली घेते. इजिप्तने तसे केले नाही, आणि त्याची किंमत प्रामुख्याने स्त्रियांनी मोजली. संहितेत स्त्री ही खरेदीदार, भाडेकरू किंवा धनको म्हणून पुरुषाच्या बरोबरीची आहे. घरात आल्यावर ती दुसऱ्याच कायद्याखाली जाते. सबळ आणि दुर्बळ यांचा जो विचार करारासाठी इतक्या बारकाईने केला गेला, तो विवाहाच्या उंबरठ्यावर थांबला.

मग ही संहिता शरियतची की फ्रेंच?

कलम 1 नुसार न्यायाधीशाने आधी कायद्याचा मजकूर पाहावा, तो नसेल तर रूढी, तीही नसेल तर शरियतची तत्त्वे, आणि शेवटी नैसर्गिक न्याय. सीरियाने शरियतला रूढीच्या आधी बसवले. रचना आणि बरीचशी तंत्रे युरोपीय आहेत. अग्रक्रयाचा हक्क म्हणजे शुफा, मरणासन्न व्यक्तीच्या व्यवहारांचे नियम आणि इतर काही भाग इस्लामी परंपरेतून आले आहेत. सिनेटसमोर न्यायाधीश हसन अल-हुदैबी यांनी, जे पुढे मुस्लिम ब्रदरहूडचे प्रमुख झाले, कायदा थेट कुराण आणि सुन्नाहवर (पैगंबरांच्या उक्ती-आचरणाच्या परंपरेवर) उभा असावा अशी भूमिका मांडली. त्या बाजूच्या अनेकांना सामाजिक न्यायाशी वैर नव्हते. तो न्याय कोणाच्या नावाने द्यायचा, याविषयी मतभेद होता. सन्हूरींचे कसब असे की समाजहिताचे युरोपीय नियम निवडताना त्यांनी ज्यांना इस्लामी न्यायशास्त्रात जोड सापडते अशांना प्राधान्य दिले. त्यामुळे कलम 5 किंवा 147 कोणत्याही एका छावणीला सहज नाकारता येत नाही.

भारतीय करार कायद्यापेक्षा यात वेगळे काय आहे आणि आखातात काम करणाऱ्या मराठी माणसाने ते का जाणून घ्यावे?

1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 56 पूर्तता अशक्य झालेला करार रद्दबातल ठरवते. केवळ परिस्थिती बिघडून करार तोट्याचा झाला म्हणून न्यायालय त्याच्या अटी नव्याने लिहून देत नाही. अरब संहितांत न्यायाधीशाला नेमका हाच मधला मार्ग उपलब्ध आहे. दुबई, दोहा किंवा कुवेतमध्ये बांधकामाचे उपकंत्राट, दुकानाचा भाडेपट्टा किंवा भागीदारी करणाऱ्या मराठी व्यावसायिकाने भारतातील समजुतीवर विसंबून 'सही झाली, आता इलाज नाही' असे मानू नये. नोकरदारांसाठी आधी त्या देशाचा कामगार कायदा पाहावा लागतो. तो जेथे मौन बाळगतो तेथे नागरी संहिता कामी येऊ शकते. प्रत्यक्ष वादात अर्थातच स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

हा प्रवाह आज कोठे पोहोचला आहे?

दीर्घकाळ असंहिताबद्ध न्यायशास्त्रावर चालणाऱ्या सौदी अरेबियाने 2023 मध्ये नागरी व्यवहार कायदा केला आणि तो 16 डिसेंबर 2023 पासून लागू झाला. त्याच्या शेवटी इस्लामी न्यायशास्त्रातील 41 सूत्रे दिली आहेत आणि कलम 97 मध्ये असामान्य परिस्थितीचा नियम आहे. येथे बाधित पक्षाने आधी दुसऱ्या पक्षाला फेरवाटाघाटीस बोलवावे आणि त्या निष्फळ ठरल्यास न्यायालयाने बंधन वाजवी मर्यादेत आणावे, असा क्रम आहे. याविरुद्धची अट तेथेही चालत नाही. परकीय गुंतवणूकदारांना खात्री देणे हा या कायद्याचा उघड हेतू आहे. कैरोत कर्जबाजारी शेतकऱ्यासाठी घडलेला नियम आता रियाधमधील मोठ्या प्रकल्पांच्या कंत्राटदारांकडून वापरला जाईल. त्याचा लाभ लहान उपकंत्राटदारापर्यंत आणि परदेशातून आलेल्या कामगारापर्यंत किती झिरपतो, हे तेथील न्यायाधीश कलम 97 मधील 'वाजवी' हा निकष कोणाची बाजू पाहून लावतात यावर ठरेल.